परळ बेटावर जपून राहा!

मराठी मध्यमवर्गीय घरात रात्री अकरानंतर बाहेर असायला मंजूर कारणं फार थोडी. गणपतीची रांग, गावाकडची एसटी, नाटकाचा रात्रीचा प्रयोग आणि केईएममध्ये कोणाच्या तरी उशाशी सोबत म्हणून बसणं. पाचवं कारण सांगणाऱ्या माणसाच्या आधी चेहऱ्याकडे आणि मग चालीकडे बघितलं जातं. अशा वातावरणात वाढलेल्या माझ्या भाच्याने आपल्या आईला सरळ सांगून टाकलं, की मी मित्रांबरोबर थायलंडच्या बेटावर नाइटलाइफ अनुभवायला चाललोय. भाच्याचं वय चोवीस, मूळ गाव सांगली, सध्या वस्ती पुण्यात संगणकासमोर.

पाच मिनिटांत ताईचा मला फोन.

"अरे, हा रात्री जगायला परदेशात चाललाय. दिवसा जगायला याला इथे कोणी अडवलंय का?"

"अगं ताई, हल्लीची मुलं जातात."

"तू मुंबईचा. तुला यातलं सगळं ठाऊक असणार. विमान तिकडूनच आहे. आधी तुझ्याकडे पाठवते. जरा तयार कर त्याला."

सांगलीतल्या आमच्या नातेवाइकांची पक्की समजूत आहे, की मुंबईत राहणारा माणूस सिनेनटांना ओळखतो, लोकलच्या दारात लोंबकळतो आणि रात्र झाली की डिस्कोत जातो. मी परळला पोयबावडीच्या मागे एका चाळीत राहतो. माझं नाइटलाइफ म्हणजे पहाटे चारला उठून नळाचं पाणी भरणं. पण "मला यातलं काही कळत नाही" असं ताईला सांगणं म्हणजे इतक्या वर्षांत मुंबईच्या नावावर कमावलेली पत एका वाक्यात घालवणं. मी म्हटलं, "पाठव. बघतो मी."

भाचा आला तो पाठीवर सॅक आणि हातात कागद घेऊन. उष्ण प्रदेशातल्या बेटावर रात्रीची मजा कशी करावी आणि तरीही धडधाकट घरी कसं यावं, याचे नियम त्याने कुठून कुठून गोळा केले होते. मजा करायला निघालेल्या माणसाने एवढी तयारी केलेली मी प्रथमच पाहिली. आमच्या पिढीने लग्नंसुद्धा याहून कमी माहितीवर केली.

बायकोने चहा ठेवता ठेवता चौकशी सुरू केली.

"काय म्हणतात त्या बेटाला?"

"को फंगान, मामी. तिथे पौर्णिमेच्या रात्री समुद्रावर पार्टी असते. हजारो लोक जमतात आणि रात्रभर जागतात."

"म्हणजे कोजागरी."

"तसं नाही हो मामी. तिथे बादलीतून पितात."

"आपण पातेल्यातून पितो. बादली जरा मोठी, एवढंच."

बायको पालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. त्यामुळे तिच्याशी वाद घालणाऱ्याला शेवटी फळ्यापुढे उभं राहावं लागतं. कागदाकडे नजर टाकून ती म्हणाली, "एवढे नियम पाठ करून काय होणार? आधी सराव हवा. बेटावरच सराव करायचाय ना? मग इथे करा. परळ काय आहे?"

"परळ... स्टेशन आहे," भाचा म्हणाला.

"परळ बेट आहे! कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ आणि माहीम. सात बेटं. चौथीतली पोरं झोपेत सांगतात."

मधल्या खाड्या बुजवून इंग्रजांनी ही बेटं जोडली हे खरं. पण परळने ती जोडणी मनापासून स्वीकारलेली नाही. जुलैत एकदा जोराचा पाऊस आणि भरती यांची गाठ पडली, की हिंदमाताला पाणी भरतं आणि परळ पुन्हा मूळपदावर येतं. महापालिकेने ते पाणी साठवायला मैदानाखाली टाक्या बांधल्या आहेत. पण पावसाने टाक्यांची क्षमता वाचलेली नसते. राहता राहिला उष्ण कटिबंध. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगले आत. जगभर पार्टीसाठी गाजलेलं इबिझा बेट ३९ अंशांवर आहे. ते उष्ण कटिबंधात बसतच नाही. भूगोलाच्या कसोटीवर पार्टीचं उष्ण बेट म्हणून परळ इबिझाच्या पुढे आहे, आणि परळला यायला व्हिसा लागत नाही. दादरला गाडी बदलली की झालं.

तेव्हा ठरलं. शनिवारी रात्री लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या पबमध्ये रंगीत तालीम. मी, भाचा आणि परीक्षक म्हणून बायको.

यादीतला पहिला नियम होता, ठिकाणाची माहिती आधी करून घ्या. तो आम्ही टॅक्सीची वाट बघतानाच उरकला. परळला रात्रीच्या मौजेचा इतिहास मोठा आहे. बारादेवीच्या देवळात शंकराची एक प्रचंड शिळा आहे. १९३१ साली रस्त्याच्या कामात ती सापडली. शंकराच्या एका मूर्तीतून दुसऱ्या मूर्ती उमलत गेल्या आहेत आणि पायथ्याशी गण वाद्यं वाजवत बसले आहेत. इतिहासकार तिला सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात. म्हणजे परळमध्ये वाद्यवृंद तेव्हापासून आहे, आणि त्याच्या आवाजाबद्दल आजवर एकही तक्रार नोंदलेली नाही.

मग आले साहेब लोक. आज जिथे हाफकिन संस्था आहे, तो वाडा म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला. मुळात तिथे पोर्तुगीजांच्या काळातला पाद्र्यांचा मठ होता. साहेबांनी प्रार्थनेच्या जागी जेवणावळी आणि नाचाची सोय केली. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आले, ते इथेच उतरले होते. तेव्हाचं हे को फंगानच. पण १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच वाड्यात कॉलऱ्याने वारल्या. पुढे गव्हर्नरांनी बिऱ्हाड मलबार हिलला हलवलं, आणि १८९९ पासून त्या वाड्यात हाफकिन साहेबांची प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली.

"यावरून काय शिकलास?" बायकोने भाच्याला विचारलं.

"बेटावर पाणी बाटलीबंद प्यायचं."

"आणि बर्फ?"

"बर्फ... पाण्याचाच असतो."

"शाबास."

दुसरा नियम, तिथल्या कायद्यांची माहिती ठेवा. थायलंडचे कायदे मला ठाऊक नव्हते, पण परळचे होते. मी म्हटलं, "बाबा रे, तू चोवीसचा. महाराष्ट्रात बीअरला २१ पूर्ण लागतात, व्हिस्कीला २५. लोकसभेला उभं राहायलाही २५ लागतात. म्हणजे लग्न तू आत्ता करू शकतोस, पण ते विसरायला व्हिस्की घ्यायची तर थांबावं लागेल."

"कोणी बघतं का हो मामा हे?"

"त्याशिवाय परवाना लागतो. १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आयुष्यभराचाही परवाना मिळतो."

"तुमच्याकडे आहे?"

मी बायकोकडे बघितलं. माझा आयुष्यभराचा परवाना ती आहे, आणि तो लिंबू सरबतापुरताच आहे.

पबच्या दाराशी दोन धिप्पाड गृहस्थ उभे होते. त्यांचे दंड माझ्या मांड्यांएवढे. त्यातल्या एकाने भाच्याला बघितलं, मला बघितलं आणि मान हलवली.

"स्टॅग एंट्री नाही, सर."

"काय नाही?"

"एकटे पुरुष नाही. फक्त कपल."

"आम्ही मामा-भाचे आहोत."

आपल्याकडे मामा-भाच्यांना कुठल्याही पंगतीत पहिलं पान मिळतं. इथे त्या नात्याला कवडीची किंमत नव्हती. तेवढ्यात मागून बायको पुढे आली आणि आम्ही दोघं कपल ठरलो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्हाला कपल म्हणणारा तो पहिलाच माणूस. पण भाचा एकटा उरला.

"हा स्टॅग आहे, मॅडम."

"हा माझ्या नणंदेचा मुलगा आहे," बायको चौथीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली. "आणि तुमची शाळा कुठली?"

तो डिलाइल रोडच्या पालिका शाळेतला निघाला. बायकोच्या आवाजाने त्याचे दोन्ही हात आपोआप मागे गेले. भाचा आत गेला. मग त्याची नजर माझ्या पायांकडे वळली.

"सर, चप्पल चालणार नाही."

खास रात्रीसाठी म्हणून मी नवी कोरी कोल्हापुरी घातली होती. बायको उसळली. "देवळात चपला काढा म्हणतात, समजू शकते. इथे चपला आहेत म्हणून बाहेर?" पण या मुद्द्यावर शाळा उपयोगी पडली नाही. भाच्याने मात्र सॅकमधून बंद बूट काढले. वाळूत फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात, म्हणून बेटावर उघड्या पायांनी नाचू नये, असा एक नियम यादीत होताच. बूट आठ नंबरचे होते, माझा पाय नऊ नंबरचा. त्या बुटात पाय घातल्यावर मला पाय बांधून घेणाऱ्या जुन्या काळच्या चिनी बायकांबद्दल प्रथमच खरी सहानुभूती वाटली. दारावर एकाने बायकोच्या पर्समधला बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवून घेतला आणि बिल्ला दिला. मनगटावर शिक्का मारला. माणशी दोन हजार आधीच भरून घेतले आणि ते खाण्यापिण्यात वळते होतील असं आश्वासन दिलं. ते वळते करण्याच्या जबाबदारीने माझी भूक मेली.

आत इतका अंधार, की मेनूकार्ड मोबाइलच्या उजेडात वाचावं लागलं. किमती वाचल्यावर मोबाइल बंद केला. आवाजाचं वर्णन करता येणार नाही, कारण त्यानंतर बराच वेळ मला काही ऐकूच येत नव्हतं. रात्री दहा ते सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला मनाई आहे, बंदिस्त जागेला सूट आहे. त्या सुटीचा पुरेपूर उपयोग चालला होता. भाचा माझ्या कानाशी येऊन ओरडला, "मामा, मजा?"

मी ओरडलो, "हो, सजाच!"

तो खूश झाला. नाइटलाइफमध्ये सगळे आनंदात का दिसतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कोणालाच दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

पुढला नियम, ग्लास नजरेआड होऊ देऊ नका, अनोळखी माणसाने दिलेलं पिऊ नका. बायकोने हा नियम ताब्यात घेतला. तिने वेटरकडून तीन बशा मागवल्या आणि आमच्या ग्लासांवर झाकल्या. शेजारच्या टेबलावरच्या तीन मुली बघत होत्या. त्यातली एक उठून आली आणि म्हणाली, "आंटी, आम्ही नाचायला जातोय, आमचे ग्लास बघाल?" थोड्याच वेळात आमच्या टेबलावर अकरा ग्लास, चार पर्सेस, दोन जॅकेटं आणि एक रडणारा तरुण जमा झाला. त्याची मैत्रीण दुसऱ्या कोणाबरोबर नाचत होती. बायकोने त्याला पाणी पाजलं, काही खाल्लंय का विचारलं आणि फ्रेंच फ्राइज भरवले. यादीत रिकाम्या पोटी पिऊ नका असं होतं. रिकाम्या पोटी प्रेम करू नका, हे तिने स्वतः वाढवलं.

मग ती एकाएकी उठली आणि अंधारात दिसेनाशी झाली. मला वाटलं नाचायला गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही माणूस काही काही आशा बाळगून असतो. पण ती दुसरा दरवाजा शोधायला गेली होती.

याच लोअर परळला, २८ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली होती. १४ माणसं गेली. बरेच जण स्वच्छतागृहाच्या बाजूला अडकून गुदमरले. बहुतेक तरुण, भाच्याच्याच वयाचे. तेव्हापासून बायको कुठल्याही हॉलमध्ये, लग्नाच्या कार्यालयातसुद्धा, आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघते आणि मग नवरा-नवरीला.

दरवाजा सापडला. वर हिरवा दिवा होता आणि पुढ्यात खुर्च्यांची उतरंड. पाच मिनिटांनी मॅनेजर, दोन वेटर आणि दारावरचे ते डिलाइल रोडचे माजी विद्यार्थी खुर्च्या वाहून नेताना दिसले. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तू त्यांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, इथून मला बाहेर पडून दाखवा."

त्या रात्री त्या पबमध्ये सर्वात उपयोगाचं काम एका चौथीच्या बाईंनी केलं, आणि त्याबद्दल वर दोन हजार मोजले.

दीडच्या आत बिल आलं. मुंबईला रात्रभर उघडं राहायची मुभा २७ जानेवारी २०२०ला मिळाली, पण ती मॉल, दुकानं आणि उपाहारगृहांना. दारूच्या वेळा होत्या तिथेच राहिल्या. आणि दोन महिन्यांत टाळेबंदी येऊन सगळं शहर दिवसासुद्धा बंद झालं. मुंबईचं नाइटलाइफ हे असं मुहूर्त बघून चालतं.

यादीतला पुढचा नियम, परतीची सोय आधीच ठरवा. भाचा मोबाइल काढून म्हणाला, "रिक्षा बोलावतो."

"बोलाव," मी म्हटलं. "माहीम आणि शीवच्या अलीकडे रिक्षा येत नाही. तिला बंदी आहे."

"आत्ता लोकल?"

"चर्चगेटहून शेवटची बोरिवली एकच्या सुमारास सुटते. ती आता बरीच पुढे गेली."

राहिली काळी-पिवळी. मध्यरात्रीपासून पाचपर्यंत पंचवीस टक्के भाडं जास्त, ते द्यायला आमची तयारी होती. पण घ्यायची कोणाची नव्हती. "पोयबावडी? एवढ्या जवळ?" असं म्हणून पाच जण निघून गेले. एकाने अंधेरीला येत असाल तर सोडतो असं सांगितलं. शेवटी चालत निघालो. बायको पुढे, लाडवांचा डबा सांभाळत भाचा मधे, आणि आठ नंबरच्या बुटात लंगडत, तोल सावरत मी मागे.

करी रोडच्या पुलापाशी नाकाबंदी होती. हवालदारांनी गाड्या सोडून माझ्याकडे बघितलं.

"काका, किती घेतली?"

"दोन."

"दोन काय?"

"लिंबू सरबत."

"सगळे हेच सांगतात."

बायको मागे वळली. "साहेब, बूट चावतायत त्यांना. आणि दोन सरबतांचे आठशे रुपये झालेत, म्हणून चेहरा तसा आहे." आठशेचा आकडा ऐकून हवालदारांचा माझ्यावरचा संशय गेला आणि त्याची जागा दयेने घेतली. तेवढ्यात एक लांबलचक गाडी थांबली. आतल्या तरुणाला यंत्रात फुंकर मारायला सांगितली. रक्तात शंभर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं, तर पहिल्याच वेळेला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तरुण म्हणाला, "तुम्हाला माहितीय का मी कोण आहे?" हवालदार म्हणाले, "तेच यंत्र सांगेल." भाच्याने तिथेच यादी काढून 'बेटावर भाड्याने स्कूटर घेऊ नका' या नियमाखाली दोन रेघा ओढल्या.

चाळीत पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आमच्या चाळीतले काका जागे होते. ते नेहमीच जागे असतात. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणाईत, तिसरी पाळी करून करून त्यांची झोप जी दिवसाकडे गेली, ती परत आलीच नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि भोंगे थांबले. काकांचं शरीर मात्र अजून तिसऱ्या पाळीच्या वेळेवर हजेरी लावतं.

"खंय होतंस रे इतक्या रातीपर्यंत? आणि लंगडतंस कित्याक?"

भाच्याने सगळं सांगितलं. कुठली गिरणी, ते ऐकून काका खुर्चीत सावरून बसले.

"कुठल्या खात्यात गेला होतात?"

भाच्याने नाचायची जागा, पत्र्याचं उतरतं छप्पर आणि लोखंडी खांब वर्णन केले.

"म्हणजे साचेखातं. तिथे तेव्हाही आवाज इतकाच. आम्ही खाणाखुणांनी बोलायचो."

"आम्हीपण, काका!"

"आणि किती दिले?"

भाच्याने आकडा सांगितला. काका बराच वेळ गप्प राहिले.

"त्याच जागेत रात्रभर उभं राहायचे आम्हाला पैसे मिळायचे. तुम्ही देऊन आलात."

यावर काही बोलण्यासारखं आमच्याकडे नव्हतं. काकांकडे मात्र होतं. परळच्या रात्री म्हणजे काय ते त्यांनी भाच्याला सांगायला घेतलं. एका गाळ्यात पंधरा-वीस जण राहायचे. पहिल्या पाळीचा उठला, की त्याच्या वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. खानावळवाल्या बाईला कोण किती वाजता जेवणार ते पाठ असायचं. सुट्टीच्या रात्री डबलबारीची भजनं, दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटकं, लालबागला हनुमान थिएटरात तमाशा, भारतमातात सिनेमा. कोणी प्यायचंही, आणि पडायचंही.

"मग घरी कसे यायचे?" भाच्याने विचारलं. यादीत त्याला याच प्रश्नाचं सोपं उत्तर मिळालं नव्हतं.

"गाववाले आणत. एकजण आला नाही तर गाळ्याचं दार बंद होत नसे. कोणीतरी जाऊन शोधून आणी. सकाळी मग शिव्या घाली."

भाच्याने यादी उलटी केली आणि पाठीमागे लिहून घेतलं. यादीतल्या इंग्रजी नियमात हेच 'मित्रांची जोडी करा, एकमेकांना सोडू नका' असं होतं. काकांच्या नियमात सकाळच्या शिव्यांची सोय होती, म्हणून तो जास्त टिकाऊ.

रात्र जागवण्यात आजही परळ-लालबागचा हात कोणी धरणार नाही. भाद्रपदात १९३४पासूनच्या लालबागच्या राजाची रांग रात्री-बेरात्री सरकत असते. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे रस्त्यावर. शिट्ट्या मारणारे कार्यकर्ते, पाणी वाटणारी मंडळं, दोरखंड धरणारी पोरं. आणि कोणी चुकलंच, तर त्याचं नाव, गाव आणि शर्टाचा रंग लाउडस्पीकरवरून सगळ्या लालबागला कळतो. विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोचते. तिथेही पाकीट मारलं जातं, चेंगराचेंगरीची भीती असते, आवाजाने छाती धडधडते. पण चपलांना बंदी नाही आणि मामा-भाच्यांना प्रवेश आहे.

भाचा थायलंडला गेला. आल्यावर ताईचा फोन आला. "अरे, काय शिकवलंस रे त्याला? मित्र सांगतात, हा तिथे जाईल तिथे आधी मागचं दार उघडून बघायचा. पेल्यांवर बशा ठेवायचा. रात्री दोघं मागे राहिले तर सगळ्यांना किनाऱ्यावर उभं करून हजेरी घेतली म्हणे. आता त्याला सगळे मामी म्हणतात."

"मजा आली का त्याला?"

"आली म्हणतो. पण आवाज फार, बादलीला चव नाही आणि परळपेक्षा स्वस्त, असं म्हणाला."

तेव्हा वाचकहो, तुम्ही को फंगानला जा, गोव्याला जा, नाहीतर दादरला गाडी बदलून परळला या. नाचा, गा, हवं ते प्या, वय आणि परवाना असेल तर. पण बसायची जागा बघण्याआधी बाहेर पडायचं दार बघा, आणि त्यापुढे खुर्च्या असतील तर हलवायला लावा. लाज वाटत असेल तर सोबत एखाद्या शाळेच्या बाई न्या. प्यायलात तर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. काही बिघडलंच तर ११२ लावा. आणि आपल्यातला एक जण कमी असेल, तर तो सापडेपर्यंत टॅक्सीत बसू नका. शिव्या सकाळी घाला.